बास म्हणजे किती?

पैसे कशावर खर्च करावेत याचं मराठी मध्यमवर्गात एक शास्त्र आहे. ते कुठं लिहून ठेवलेलं नाही. पण प्रत्येक घरातली एक तरी वडीलधारी बाई आणि एक तरी निवृत्त गृहस्थ ते झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवतील. सोनं घेतलं तर तो खर्च नव्हे, ती गुंतवणूक. फ्लॅट घेतला तर ती जबाबदारी. मुलीच्या लग्नात सातशे पानं उठवली तर ती रीत. काशी-रामेश्वर केलं तर पुण्य, आणि दवाखान्यात गेले तर नशीब. या पाच खात्यांत जे बसत नाही ते सगळं 'चैन' या सहाव्या खात्यावर मांडायचं आणि त्यापुढं लाल शाईनं एक उद्गारचिन्ह काढायचं. संपलं शास्त्र.

दोन वर्षांपूर्वी माझ्या भाच्यानं या शास्त्राची मोठी पंचाईत करून ठेवली. भाचा न्यू जर्सीत असतो. सॉफ्टवेअरमध्ये आहे, हे वेगळं सांगायला नकोच. आठवड्याचे पाच दिवस तो नोकरी करतो आणि शनिवारी संध्याकाळी आणखी तिघांबरोबर एका हॉटेलात बास गिटार वाजवतो. तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीतही वाजवतो, पण तिथं त्याला आरतीनंतर उभं करतात. म्हणजे लोक प्रसादाच्या रांगेत असतात. तर एका रविवारी त्यानं आम्हा सगळ्यांना व्हिडिओ कॉलवर गोळा केलं आणि जाहीर केलं, "मी नवा बास घेतोय."

"बास काय बास?" सांगलीहून आमची ताई, म्हणजे त्याची आई, म्हणाली. "अजून धड बोलायला सुरुवातसुद्धा केली नाहीस."

मग बास हे वाद्याचं नाव आहे, ते त्याच्याकडं आधीच एक आहे, आणि आता तो ब्रुकलिनच्या एका कारखान्यात स्वतःसाठी खास दुसरं बनवून घेणार आहे, एवढा खुलासा झाला. ताईनं किंमत विचारली.

"दहा हजारांच्या थोडं वर."

"मग घे की! एवढ्यासाठी सगळ्यांना कशाला जमवलंस?"

"डॉलर, आई."

यानंतर सांगलीकडून काहीच ऐकू येईना. फोन अडकला की काय असं वाटून भाच्यानं दोनतीनदा 'हॅलो, हॅलो' केलं. फोन अडकला नव्हता. ताई गुणाकार करत होती.

उत्तर नऊ लाखांच्या आसपास आलं. त्यानंतरची प्रश्नोत्तरं कुठल्याही मराठी घरात झाली असती तशीच झाली. तारा किती? पाच. म्हणजे तारेमागे एक लाख ऐंशी हजार! अरे, सतारीला अठरा-वीस तारा असतात! मग हातात कधी मिळणार? वर्ष-दीड वर्षानं. म्हणजे एवढे पैसे मोजायचे आणि वर नंबर लावून थांबायचं? (इथं स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबलेल्या पिढीला थोडं आपलेपण वाटलं.) त्याच्यावर गाणी वाजतात का? गाणी नाही वाजत, गाण्याच्या खाली वाजतो. खाली म्हणजे? म्हणजे तो असतो तेव्हा कळत नाही, बंद झाला की कळतो.

"नळाच्या पाण्यासारखं," ताई म्हणाली. बासची इतकी अचूक व्याख्या मी अजून दुसरीकडे ऐकलेली नाही.

या सगळ्यात दाजी गप्प होते. आमचे दाजी मुळात कमी बोलतात. सरकारी कचेरीत छत्तीस वर्षं काढल्यावर माणसाला एक तर फार बोलायची सवय लागते किंवा अजिबात न बोलण्याची. सगळ्यांचं झाल्यावर त्यांनी एकच विचारलं, "तुझ्या हाताचं माप घेतलं का त्यांनी?"

"हो, बाबा. बोटांचं, पंज्याचं. उभा राहून वाजवतोस की बसून, तेसुद्धा विचारलं."

"मग बरोबर आहे," असं म्हणून दाजी पेपर आणायला खाली गेले. ताई हतबुद्ध झाली. मी मात्र त्या दिवसापासून या 'मग बरोबर आहे'चा विचार करतो आहे.

गंमत अशी, की हे वाद्य मुळात जन्मालाच आलं ते कुणाचंही माप न घेता. १९५१ साली कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी लिओ फेंडर या गृहस्थांनी 'प्रिसिजन बास' बाजारात आणला. हे पूर्वी रेडिओ दुरुस्त करत. त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नसे. हे वाचून मला धीर आला. ही सोय फक्त समीक्षकांनाच असते अशी माझी समजूत होती. त्याआधी बँडमध्ये बास म्हणजे माणसाएवढं उभं लाकडी धूड असे. ते न्यायला गाडी लागे आणि नेल्यावर बाकीच्यांच्या गोंगाटात ऐकू येत नसे. फेंडरसाहेबांनी एक लाकडी फळी घेतली, तिला चार स्क्रूंनी दांडी बसवली, दांडीवर सतारीसारखे पडदे ठोकले, म्हणजे बोट जरा इकडेतिकडे पडलं तरी सूर नेमका लागावा, आणि तारेखाली चुंबकाचा पिकअप बसवून ते सगळं विजेला जोडलं. दांडी मोडली तर स्क्रू काढा, दुसरी लावा. किंमत दोनशे डॉलरच्या आत. थोडक्यात, रेडीमेड शर्ट.

मग अमेरिकेत वीसएक वर्षं सगळे रेडीमेड घालून वाजवत राहिले, आणि नंतर काहींच्या लक्षात आलं की कॉलर टोचते. १९७२ साली कॅलिफोर्नियातल्या ॲलेम्बिक या मंडळींनी जॅक कॅसडी या वादकासाठी खास बास घडवला. निवडक लाकूड, आणि वाद्याच्या पोटातच इलेक्ट्रॉनिक्सचा संसार. १९७५ साली अँथनी जॅक्सन या वादकाला चार तारा पुरेनात, तेव्हा कार्ल थॉमसन या कारागिरानं त्याला सहा तारांचा बास करून दिला. तेवढ्यानं जॅक्सनचं समाधान झालं नाही. पुढं कितीतरी वर्षं तो या कारागिराकडून त्या कारागिराकडं आपलं वाद्य सुधारून घेत राहिला. १९८३ साली ब्रुकलिनमध्ये व्हिनी फोडेरा आणि जोई लॉरिसेला यांनी फोडेरा हा कारखाना काढला. एक घडवणारा, एक वाजवणारा. भाच्याची वर्गणी गेली ती इथं.

या अमेरिकन मंडळींना वाटतं की 'कस्टम' म्हणजे फार मोठी चैन. आमच्या लहानपणी सगळंच कस्टम होतं. शर्ट शिंप्याकडं, चपला चांभाराकडं, पाटल्या सोनाराकडं. रेडीमेड शर्ट ही श्रीमंती होती. फक्त आमच्या कस्टममध्ये एक बारकावा असे. शिंपी माप आमचं घेई आणि मागं उभे असलेले वडील म्हणत, "वाढत्या अंगाचा शिवा." त्यामुळं माप आमचं आणि शर्ट थोरल्या भावाचा, असा तो व्यवहार. माझी अख्खी पिढी वाढत्या अंगाच्या कपड्यांत वाढली. शर्ट अंगाला नेमका बसेपर्यंत त्याचा रंग गेलेला असे. आपल्या मापाची वस्तू आपल्या मापाच्या वेळी अंगावर असणं म्हणजे काय, हे आम्हाला कळलंच नाही. म्हणून भाच्याच्या बासची आम्हाला एवढी चीड आली असावी.

पण चीड बाजूला ठेवून ताईच्या बाजूनं वकिली करायची म्हटलं, तर तिची बाजू भक्कम आहे. साधा, चांगला, कारखान्यातला बास आजही आठशे-हजार डॉलरांत मिळतो. बासच्या इतिहासातले मोठमोठे पराक्रम अशाच रेडीमेड वाद्यांवर झालेले आहेत. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या कितीतरी गाजलेल्या गाण्यांत जेम्स जेमर्सन बास वाजवत असे. त्याचा बास म्हणजे दुकानातला १९६२ सालचा प्रिसिजन. उजव्या हाताचं एकच बोट वापरायचा, आणि तारा तुटल्याशिवाय बदलायच्या नाहीत हा त्याचा खाक्या. पॉल मॅकार्टनीनं १९६१ साली हॅम्बुर्गमध्ये हॉफनर कंपनीचा बास घेतला तो तीसेक पौंडांना. घेण्याचं एक कारण असं, की तो डावरा आणि त्या बासचा आकार व्हायोलिनसारखा दोन्हीकडून सारखा. उलटा धरला तरी वेडाविद्रा दिसत नाही. हा बास १९७२ साली चोरीला गेला आणि इंग्लंडमधल्या कुणाच्या तरी माळ्यावरून परत मिळाल्याची बातमी २०२४ साली आली. पन्नासेक वर्षं! आमच्याकडं फक्त पितळी बंब एवढे दिवस माळ्यावर राहतात.

जॅको पास्टोरियसची तर कमाल. त्याच्याकडं १९६२ सालचा फेंडर जॅझ बास होता. ज्या पडद्यांसाठी फेंडरसाहेबांनी एवढा खटाटोप केला तेच यानं उपटून काढले, खाचा बुजवल्या, वर होडीला लावतात तसलं इपॉक्सी फासलं आणि जग हलवून सोडलं. हेही एक परीनं कस्टमच, फक्त माप स्वतःच घेतलेलं आणि मजुरी वाचवलेली.

ताईच्या बाजूनं एक वैज्ञानिक साक्षीदारही आहे. २०१० साली अमेरिकेत इंडियानापोलिसला एकवीस व्हायोलिनवादकांना अंधाऱ्या खोलीत, डोळ्यांना दिसू नये असा गॉगल घालून सहा व्हायोलिनं वाजवायला दिली. तीन नवी, तीन जुनी. जुन्यांत दोन स्ट्राडिव्हेरियसची आणि एक ग्वार्नेरीचं, म्हणजे ज्यांच्या किमतीत आपल्याकडं एखादा साखर कारखाना निघावा अशी. सगळ्यांत जास्त पसंती मिळाली ती एका नव्या व्हायोलिनला आणि सगळ्यांत कमी पडली एका स्ट्राडिव्हेरियसला. बासचं तर विचारूच नका. त्याचा आवाज तारेतून, चुंबकातून, विजेतून येतो. अंगाच्या लाकडानं त्यात किती फरक पडतो यावर वादक आपसात अजून हमरीतुमरीवर येतात.

वस्तू घरी आल्यावर तर कहर झाला. भाच्यानं कौतुकानं व्हॉट्सॲपवर वाजवून दाखवली. बासची पाचवी तार, सगळ्यांत जाड, सेकंदाला एकतीसच्या आसपास कंपनं करते. माणसाचा कान जेमतेम विसापासून पुढचं ऐकतो. म्हणजे हा सूर ऐकू येण्याच्या उंबरठ्यावरच बसलेला. मोबाईलच्या चिमुकल्या स्पीकरला एवढं खोल उतरणं शक्यच नसतं. त्यामुळं नऊ लाखांच्या वाद्यातून सांगलीला पोचली ती फक्त बोटांची टकटक.

"सुरेख आहे रे," ताई म्हणाली. मग फोन ठेवून तिनं मला फोन केला. "नऊ लाखांत आवाजसुद्धा येत नाही बघ त्याला."

आता इथं मला ताईशी वाद घालावासा वाटतो, आणि तोही नेमका याच वाक्यावर.

नऊ लाख ही चैन आहे, मान्य. पण चैनीतसुद्धा प्रकार असतात. आपण जिला बडेजाव म्हणतो तिला बघणारे लागतात. लग्नातली सातशे पानं, हॉलबाहेरची फुलांची कमान, मुंजीला दारात आणलेला घोडा, हे सगळं दुसऱ्यांनी बघावं म्हणून असतं. कुणी बघितलंच नाही तर पैसे वाया गेले असं आपण उघड म्हणतो. आता भाच्याचा खर्च बघा. हॉटेलात समोर जेवणाऱ्या माणसांना तो आठशे डॉलरचा बास वाजवतोय की दहा हजारांचा, हे शंभर वर्षांत कळणार नाही. बहुतेकांना तो वाजवतोय हेसुद्धा कळत नाही. बासवाला मागं, ड्रमच्या शेजारी, अंधारात उभा असतो. जेमर्सनसारख्याचं नावसुद्धा मोटाउनच्या तबकड्यांवर १९७१ पर्यंत छापलेलं नसे. आपल्या हिंदी सिनेमातही गोव्याहून मुंबईला आलेल्या किती वादकांनी गाण्यांची खालची बाजू आयुष्यभर तोलून धरली, आणि वेष्टनावर नाव आलं ते गायकाचं, संगीतकाराचं, नायकाचं. अशा जागी उभं राहून, कुणालाही न दिसणाऱ्या, न कळणाऱ्या फरकासाठी जो माणूस पैसे मोजतो त्याला दिखाऊ कसं म्हणायचं?

मग हा फरक असतो कुणासाठी? हातासाठी. वाद्याचं वजन चार किलो की पाच, यावर तीन तास उभं राहिल्यावर खांद्याचं काय होतं ते ठरतं. दोन तारांमधलं अंतर एक-दोन मिलिमीटरनं कमीजास्त झालं तर बोट अडखळतं. दांडीच्या पाठीचा गोलवा तळव्याला बसला नाही तर मनगट दुखतं. श्रोत्याला यातलं काही ऐकू येत नाही, ही गोष्ट खरी. पण चष्म्याचा नंबरसुद्धा बघणाऱ्यालाच जाणवतो, समोरच्याला फक्त फ्रेम दिसते. म्हणून आपण रस्त्यावरचा रेडीमेड चष्मा लावत नाही.

आपल्या शास्त्राची गोम मला इथं दिसते. दुसऱ्यांच्या डोळ्यांसाठी केलेल्या खर्चाला आपण रीत म्हणतो आणि स्वतःच्या हाताकानासाठी केलेल्या खर्चाला चैन. नैतिकदृष्ट्या हे नेमकं उलट असायला हवं की नको, एवढाच माझा प्रश्न आहे.

अर्थात सगळेच बासवाले संत असतात असं नव्हे. हौसेच्या महागड्या गिटारी घेतात कोण, तर दातांचे डॉक्टर आणि वकील, अशी त्या व्यवसायात एक थट्टाच आहे. अशी गिटार दिवाणखान्यात काचेमागं टांगतात. वाजवली तर ओरखडा पडेल म्हणून वाजवत नाहीत. हीही एक प्रकारची सातशे पानंच, फक्त कुणी जेवत नाही. काहींचं त्याहून वाईट होतं. हात चालत नाही तो वाद्यामुळं, अशी त्यांची समजूत होते. मग नवं वाद्य, नवा पिकअप, नवी तार. रियाज सोडून बाकी सगळं विकत मिळतं, ते सगळं घेऊन होतं. आणि लाकडाचाही एक हिशेब आहेच. ब्राझीलच्या शिसवीसाठी जंगलं अशी ओरबाडली गेली, की १९९२ साली तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आली. दक्षिणेतली आपली शिसवी गिटारींच्या पट्ट्यांसाठी परदेशी जाते. २०१७ साली तिच्यासकट त्या सगळ्या जातीच्या लाकडांवर परवान्याची अट आली. तयार वाद्यांपुरती ती २०१९ साली सैल झाली. एका माणसाच्या तळव्याला बरं वाटावं म्हणून किती जुनं झाड पाडायचं, हा प्रश्न 'माझे पैसे, माझी हौस' एवढ्यावर मिटत नाही.

तेव्हा बास म्हणजे किती? माझ्यापुरतं मी एक उत्तर काढलं होतं. वस्तू घेतल्यावर माणूस तिच्यापाशी रोज बसतो का, तिला ओरखडा पडू देतो का, आणि तिच्यापायी घरातल्या कुणाचा वाटा कापला गेला नाही ना? या तीन प्रश्नांत पास झाला तर नऊ लाखही चालतील, आणि नापास झाला तर नऊशेसुद्धा चैन. भाचा रोज रात्री जेवणानंतर तासभर बसतो. ओरखडा पहिल्याच आठवड्यात पडला. कर्ज काढलेलं नाही, मुलांच्या शिक्षणाचे पैसे वेगळे ठेवलेले आहेत. पास.

मग लक्षात आलं, की तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी न्यू जर्सीच्या घरापुरतंच तपासलं होतं. सांगलीचं घर हिशेबात धरलंच नव्हतं.

दाजी गातात. म्हणजे गात असत. तरुणपणी त्यांनी चांगली बारा वर्षं तालीम घेतली. कचेरी सुटल्यावर सायकलवरून गुरुजींकडं जात. त्यांना स्वतःचा तानपुरा हवा होता. आता तानपुऱ्यासाठी सांगलीच्या माणसाला ब्रुकलिन गाठावं लागत नाही. मिरज दहा किलोमीटरवर. तिथल्या शिकलगारांचा मूळचा धंदा तलवारींना धार लावण्याचा. हत्यारांचे दिवस सरल्यावर, १८५० च्या सुमाराला, फरीदसाहेबांपासून ही मंडळी तंतुवाद्यांकडं वळली आणि हिंदुस्थानभरचे गवई तानपुऱ्यासाठी मिरजेला येऊ लागले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा, निवडून, वाळवून घेतलेला. आणि तानपुरा हे तर आपलं अस्सल कस्टम वाद्य. गाणारा बाई की पुरुष, पट्टी कोणती, त्यावर भोपळ्याचा घेर, दांडीची लांबी, तारा, सगळं ठरतं. घोडीवर जवारी काढायची ती कानानं, तासन्‌तास. तानपुराही बाससारखाच. मागं बसतो, त्याला कुणी टाळ्या देत नाही, आणि तो थांबला की मैफल उघडी पडते. भाच्याच्या बासच्या किमतीत मिरजेचे किती तानपुरे येतील याचाही हिशेब ताईनं केला होता. उत्तर दोन आकडी आलं.

दाजींनी तानपुरा घ्यायचा तीनदा ठरवला. पहिल्यांदा त्यांच्या धाकट्या बहिणीचं लग्न निघालं. दुसऱ्यांदा घराला स्लॅब टाकायचा झाला. तिसऱ्यांदा भाचा इंजिनिअरिंगला गेला. तेव्हा फीसाठी जे मोडलं त्यात तानपुऱ्याचे बाजूला ठेवलेले पैसे होते. हे मला ताईनं सांगितलं. दाजींनी ते कधी कुणाला सांगितलं नाही, मुलाला तर नाहीच. त्यांनी बाजारातली तानपुऱ्याची इलेक्ट्रॉनिक पेटी आणली आणि तिच्यावर वर्षं काढली. आता मोबाईलवर ॲप आहे.

म्हणजे ब्रुकलिनला गेलेल्या नऊ लाखांच्या मुळाशी मिरजेचा एक न घेतलेला तानपुरा आहे. आपल्याकडं अशा वेळी दोन प्रकारची भाषणं होतात. एक, 'आईबापांनी पोटाला चिमटा काढला आणि पोरं बघा काय करतात.' दुसरं, 'त्यांनी त्याग केला म्हणून तर पोरं सुखात आहेत.' मला दोन्ही पटत नाहीत. दाजींनी जे दिलं ते कर्जाऊ दिलेलं नव्हतं. मुलानं आयुष्यभर साधी गिटार वाजवून ते फेडावं अशी त्यांची अपेक्षा नाही. असती तर त्यांनी माप विचारलं नसतं, किंमत विचारली असती. आणि त्याग झाला तो चांगला झाला, असं म्हणून हात झटकणं तर फारच सोपं. त्यागाचंही आपण वाढत्या अंगाच्या शर्टासारखं करतो. 'आत्ता नको, पुढं बघू, मुलं मार्गी लागू देत.' शर्टाचं ते चालून जातं, कारण अंग वाढतं. गळा नाही वाढत, गळा उतरतो. चाळिशीत दाजी काळी एकमध्ये गात. आज चौऱ्याहत्तराव्या वर्षी पांढरी एकसुद्धा त्यांना काही दिवस जड जाते. तानपुरा अर्धा सूर खाली उतरवून घेता येईल, नाही असं नाही. पण मापाच्या वस्तूला मापाचा एक काळ असतो. तो टळला की हाताशी पैसे असतात, दुकानात वस्तू असते आणि माप हरवलेलं असतं. त्या रविवारी दाजींनी मुलाला दुसरं काही न विचारता फक्त मापाचं का विचारलं, त्याचा उलगडा मला असा झाला.

भाच्याला मी हे सगळं फोनवर सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. या वेळीही फोन अडकलेला नव्हता.

"मामा, मला कुणी सांगितलंच नाही कधी," तो म्हणाला. मग त्यानं दाजींना फोन करून तानपुऱ्याचे पैसे पाठवतो म्हणून सांगितलं. दाजी म्हणाले, "आता कुठं राहिलाय गळा?" ताई मागून म्हणाली, "आहे तेवढ्या गळ्याचा घ्या." दाजी म्हणाले, "पावसाळ्यात नको. हवा दमट असते, जवारी नीट कळत नाही." ही सबब आहे की शास्त्र, हे ठरवण्याइतका मी जाणकार नाही. पण पैसे मुलाकडून घेणार नाही, पेन्शनमधून घेईन, असंही ते पुढं म्हणाले. म्हणजे घेण्याचा विचार आहे.

परवा ताईचा फोन आला होता. गेले पंधरा दिवस दाजी पहाटे साडेपाचला उठून ॲप लावून बसताहेत. मिरजेला गेल्यावर पट्टी विचारतील, तेव्हा नेमकं सांगता यायला हवं म्हणून. एक दिवस पांढरी एक लागते, दुसऱ्या दिवशी पांढरी सातवर यावं लागतं, ठरतच नाहीये म्हणे. "पट्टी ठरेपर्यंत दिवाळी येईल," ताई म्हणाली. पण आवाजात तक्रार नव्हती. मी दिवाळीनंतरच्या सोमवारची गाडी सांगून ठेवली आहे.